प्रेस हाउसमधलं लोखंडी कडं

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की आमच्या कोल्हापुरात माणसं आवाज खाली आणतात. त्या वर्षांत पेपर उघडला की तिकडच्या कापसाची बातमी असायचीच, आणि ती कधीच चांगली नसायची. त्यामुळे जो तो समजायचा की मी काहीतरी पाहणी-बिहणी करायला गेले असणार. मी गेले होते साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका आगीसाठी. हे सांगितलं की लोक आणखी गोंधळायचे. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

प्रदर्शनं मांडणं हा माझा उद्योग. वस्तू कुठे ठेवायची, तिच्यावर उजेड कुठून पाडायचा, बघणाऱ्यानं कुठे थबकायचं आणि पाटीवर किती शब्द लिहायचे हे मी ठरवते. माझ्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजपट्टी असतेच. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मी मांडवाच्या दोन खांबांमधलं अंतर नजरेनं मोजत असते, अशी नवऱ्याची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

घाटंजीच्या बाजूच्या एका गावातून मला पत्र आलं ते अरविंदभाऊंचं. हे निवृत्त वकील. गावातल्या बंद पडलेल्या जिनाची इमारत गावाच्या ताब्यात आली होती, आणि तिच्यातल्या प्रेस हाउसमध्ये त्यांना एक स्मारक-दालन करायचं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्या प्रेस हाउसमध्ये अकरा माणसं जळून मेली, त्यांचं स्मारक. ‘दुसरी लढाई आमच्याकडे आलीच नाही असं सगळे समजतात. आपण येऊन जागा बघा,’ असं त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि प्रेस हाउस म्हणजे सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधायची जागा, हे मला त्या पत्रातूनच कळलं. आमच्याकडे सगळा ऊस. कापूस मी देवाच्या वातीपुरता ओळखणारी.

गाव

यवतमाळच्या स्टँडवर अरविंदभाऊ स्वतः आले होते. सत्तरीचे, उंच, गळ्याशी मफलर, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता थोडं बाजूला बघणारे. त्यांनी आधी पोहे खायला नेलं. तिकडे पोह्यांवर तर्री घालतात, म्हणजे वर लाल तवंग असलेला हरभऱ्याचा रस्सा. “ताई, तर्री जरा बेतानं घ्या,” ते म्हणाले. मी कोल्हापूरची. मला तिखटाची भीती घालणारे हे कोण? दोन पळ्या वाढायला लावल्या. तिसऱ्या घासाला उचकी लागली, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि आमच्या तांबड्या रश्श्याची अब्रू त्या टपरीवर गेली. अरविंदभाऊंनी काही न बोलता साखर मागवली आणि मी सावरेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. तेव्हाच मला हा माणूस आवडला.

मार्गशीर्ष होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटलेला, मधल्या ओळीत तूर पिवळ्या फुलांवर आलेली. हे दृश्य मी आधी पाहिलं असतं तर सुंदर म्हटलं असतं. पण पुढे खरेदी केंद्राच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग लागलेली होती आणि तिचं शेवटचं टोक काही दिसत नव्हतं. केंद्र बंद होतं. कधी उघडणार ते कुणालाच माहीत नव्हतं. बैल सोडून ठेवले होते, आणि एका गाडीखाली तीन दगडांवर तवा ठेवून एक माणूस भाकर थापत होता. मी फोटो काढायला उतरले. त्यानं वर पाहिलं.

“सर्वे हाये का जी?” तो म्हणाला. “आमच्या घरी कोनी नाई मेलं.”

रागानं नव्हे. दारावरच्या फेरीवाल्याला आज काही नको म्हणून सांगावं, तसं. मी फोटो न काढताच गाडीत येऊन बसले.

अरविंदभाऊंच्या घरी वहिनींनी ‘चहा घेणार का’ असं एकदाही विचारलं नाही. तिकडे विचारत नाहीत, कप आणून ठेवतात. आमच्याकडे तीनदा नको म्हणायची पद्धत आहे. इथे नको म्हणायला वावच नाही. ज्वारीची भाकर, भरली वांगी, जवसाची चटणी असं जेवण झालं आणि मला माझी खोली दाखवली. खोलीच्या दाराला कोयंडा नव्हता. न्हाणीघराच्या दारालाही नव्हता. जिथे कोयंडा असतो तिथे लाकडात नुसती चार-चार भोकं. मी फिरून पाहिलं, तर पुढच्या दारालासुद्धा तीच गत. मी शहरातली बाई, माझ्या मनात नको ते आलं आणि मी बॅगेला कुलूप लावून ती उशाशी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याची मला इतकी लाज वाटली की ते कुलूप मी तिथेच टाकून आले.

प्रेस हाउस

जिनाचं नाव मी लिहीत नाही. मालक कधीच निघून गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्या कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. आवारात बाभळी माजल्या आहेत. जिथे कापसाच्या गंजी लागत तिथे आता शेरडं चरतात. प्रेस हाउस मात्र उभं आहे: काळ्या दगडाच्या जाड भिंती, उंच आणि अरुंद, वर हवेपुरत्या लहान खिडक्या, आणि एकच दार. माणसाच्या उंचीपासून वर भिंती काळ्या आहेत. दगडच तसा आहे असं मला वाटलं, म्हणून मी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

अरविंदभाऊ दारातच थांबले. लढाईत बोटी बंद झाल्या, बाहेर जाणारा माल अडकला, त्यांनी सांगितलं. गाठींच्या थप्प्या आढ्याला टेकल्या. मग लष्कराला तंबूंसाठी, कपड्यांसाठी रुई लागली आणि काम अंगावर आलं.

“लष्कराचा माल. चोरी होऊ नाही म्हणून मजुरांची टोळी आत घेऊन दाराले बाहेरून कुलूप लावत,” ते म्हणाले. “गाठ बांधायची लोखंडी पट्टी दगडावर घासली अन् ठिणगी पडली, असं म्हणतात. रुईले काय लागते? माझे आजोबा इथं मॅनेजर होते. चावी त्यांच्यापाशी होती अन् ते त्या वेळी घाटंजीले गेलते.”

मी मोजपट्टी गुंडाळून ठेवली.

“त्यानंतर त्यांनी घरातले सगळे कोयंडे काढून टाकले. पुन्हा कोणी लावले नाहीत. हे कुलपाचं पाटीवर लिहायचं, ताई. नागपूरचे आमचे मोठे बंधू नको म्हणतात. तरी लिहायचं.”

त्यांच्यापाशी आजोबांचं हजेरीपुस्तक होतं. त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ: ‘थावरू मुकादम, टोळी, इसम अकरा.’ मुकादमाच्या नावावर सगळी टोळी लागायची, बाकीच्यांना नावं नसायची. टोळी जवळच्या तांड्यावरच्या बंजाऱ्यांची होती, त्यात बायाही होत्या, एवढंच गावाला माहीत. आगीनंतर तांडा तिथून उठला आणि दोन कोसांवर नव्यानं बसला. अरविंदभाऊंना भिंतीवर अकरा नावं हवी होती आणि त्यांच्याजवळ एकच होतं. “दहा नावं मिळाल्याशिवाय मी मरत नाही,” असं ते हसत म्हणाले, पण ती थट्टा नव्हती हे मला कळत होतं. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते वहिनी मला सकाळीच बोलल्या होत्या.

मी कामाला लागले. लांबी, रुंदी, दाबयंत्राचा खड्डा, खिडक्यांमधून कुठल्या वेळी कुठे ऊन येतं. छप्पर नंतरचं होतं, पण खड्ड्याच्या कडेला डोक्यावरून जाणारी लोखंडी तुळई जुनीच होती, आणि तिच्या मध्यावर एक लोखंडी कडं बसवलेलं होतं. खालच्या बाजूनं झिजून गुळगुळीत झालेलं. मला आनंद झाला. एवढ्या अंधाऱ्या दालनात दिवा टांगायला आयती जागा! खडूनं तुळईखालच्या भिंतीवर मोठी फुली मारली आणि पुढे लिहिलं: ‘दिवा’.

बाजार

दुसऱ्या दिवशी घाटंजीचा आठवडी बाजार होता. दोर, बांबू काय मिळतं ते बघायला गेले आणि काळ्या चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराच्या पोत्यावर एक पाय वर घेऊन बसलेली असताना समोर कांद्याच्या ढिगापाशी आक्रोश ऐकू आला. दोन म्हाताऱ्या बंजारा बायका, एकीच्या अंगावर आरशांचा जुना घागरा, जमिनीवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. रडणं सुरात होतं. एक ओळ हिची, मग एक तिची. मधूनच हुंदका, मग पुन्हा ओळ. आजूबाजूला कांदे विकणं चालूच होतं.

“अहो, त्यांचं कोणीतरी गेलंय,” मी अरविंदभाऊंना म्हटलं.

“कोणी नाही गेलं ताई. भेटून राह्यल्या त्या. लय दिवसांनी भेटल्या की अशाच भेटतात. मधल्या काळात कोण आजारी पडलं, कोण मेलं, सगळं त्या रडण्यातच सांगतात एकमेकींना.”

थोड्या वेळानं दोघींनी पदरानं डोळे पुसले, एकमेकींच्या बांगड्या हातात घेऊन पाहिल्या आणि हसत भज्यांच्या गाडीकडे गेल्या. आमच्याकडे बारा वर्षांनी बहीण भेटली तरी आधी आम्ही तिची साडी बघतो. मला त्या दोघींचा हेवा वाटला.

“त्या रडण्यात मेलेल्यांची नावं असतात?” मी विचारलं.

अरविंदभाऊंनी भज्यांच्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “ती आरशाच्या घागऱ्याची झमकूबाई. थावरू मुकादमाची पोरगी. सहा वर्षांची होती तेव्हा. मी दहा वर्षं तिच्या मुलाले विचारून राह्यलो, बुढीले नावं ठाऊक आहेत का. ती म्हणते, मले नाही ठाऊक.”

तेवढ्यात तिचा मुलगा प्रेमसिंग पिशवी घेऊन तिथे आलाच. पंचेचाळिशीचा, ओठ उन्हानं फुटलेले. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बुढी खोटं नाई बोलत, साहेब. मेलेल्याचं नाव थे बोलन्यात घेतच नाई. माह्या बापाचंबी नाई घेत. रडन्यात घेते.”

“मग एवढी वर्षं सांगितलं काहून नाही?”

“तुमी बोलन्यातलं विचारलं,” प्रेमसिंग म्हणाला.

तांडा

आता मी एक चूक केली, ती लपवत नाही. मी पर्समधून आवाज टिपायचं यंत्र काढलं, घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता झमकूबाईंचं रडणं ठरवून टाकलं. दालनात तो आवाज सतत वाजेल, बघणारा आत आला की आधी तेच ऐकेल, असा आराखडा माझ्या डोक्यात तयारही झाला होता.

प्रेमसिंगच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. खरेदी नाही म्हणून सगळा कापूस घरातच भरलेला, दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत. माणसं कापसावर बसत होती, त्यावरच झोपत होती. धाकट्या नातीच्या हातांवर कापसातल्या किड्यांनी पुरळ उठलं होतं. “आव, बेस,” झमकूबाई म्हणाल्या आणि हातानं कापूस दाबून मला जागा करून दिली. मी बसले आणि कमरेपर्यंत रुतले. जाड बाटी आणि मिरचीचा ठेचा समोर आला. या वेळी मी ठेचा बोटाच्या टोकावर घेतला. झमकूबाईंनी ते पाहिलं आणि बोळक्या तोंडानं खुदकन हसल्या.

मग मी यंत्र कापसावर ठेवलं आणि म्हटलं, “आजी, काल बाजारात रडलात ना, तसं रडा.”

त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“कोनाले पाहून रडू?”

“मला पाहून.”

“तुमी तं काल भेटल्या. काल भेटलेल्या मानसाले पाहून कोनी रडते का, बाई?”

“मग कधी रडाल?” मी विचारलं. हे वाक्य मी खरंच बोलले. प्रेमसिंगनं मान खाली घातली. चुलीपाशी बसलेल्या सुनेचा हात थांबला. मला वाटलं, त्या कापसात आणखी खाली रुतता आलं तर बरं. कुणाच्या घरी बसून, कुणाची भाकर खाऊन, मी तिच्याकडे रडण्याची वेळ मागत होते. मी यंत्र उचलून पर्समध्ये टाकलं आणि “चुकलं माझं” म्हणाले.

झमकूबाई बराच वेळ नातीच्या हाताला तेल चोळत बसल्या. मग वर न बघता त्यांनी विचारलं, “जिन उघडलं का?”

“हो आजी.”

“प्रेसबी?”

“प्रेसबी.”

“मंग मले तेथ घेऊन चला,” त्या म्हणाल्या. “तेथ भेटून लय वर्सं झाले.”

शेवटचा दिवस

त्या आगीनंतर झमकूबाई जिनाच्या फाटकापलीकडे कधीच गेल्या नव्हत्या. बाजाराला जायचं तरी लांबचा रस्ता घेत. त्या दिवशी त्या मुलाचा हात धरून आल्या, पण दाराशी त्यांनी तो सोडला. दाराच्या चौकटीवर, जिथे कुलूप असायचं तिथे, तळहात ठेवून उभ्या राहिल्या. अरविंदभाऊ बाजूला होते. ते मागे सरकले, भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकले.

मग झमकूबाई आत आल्या आणि कुठेही न बघता सरळ त्या तुळईखाली गेल्या. मान वर करून कड्याकडे पाहिलं. नंतर भिंतीवरच्या खडूच्या फुलीकडे.

“हे काय लिवलं?”

“दिवा,” मी म्हटलं. “इथे दिवा टांगायचाय, आजी.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भयंकर बोलले हे मला कारण कळायच्या आधी कळलं. त्या वळल्या, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, कपाळ माझ्या मानेत टेकवलं आणि रडायला लागल्या.

एवढ्या जवळून तो सूर मी पहिल्यांदा ऐकत होते. तो कानात येत नव्हता, माझ्या गळपट्टीच्या हाडातून आत जात होता. मला चारचौघांत रडता येत नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही मी हार कुठे ठेवायचे ते सांगत फिरत होते. त्या दिवशी मी त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून, तिची भाषा समजत नसताना, मोठ्यानं रडले. यंत्र पर्समध्येच राहिलं. ते चालू करायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

ओळीमागून ओळ येत होती आणि प्रत्येक ओळीत एक नाव होतं. प्रेमसिंग ते मराठीत मोकळं करून सांगायचा, आणि अरविंदभाऊ खाली मांडी घालून वहीत लिहायचे. थावरू. सोनकी, ही झमकूबाईंची आई. हरिया, भोजू, लाली... एकेका नावामागे तो कसा चालायचा, ती कशी हसायची, हेही असायचं. अकरावं नाव लिहून झाल्यावर अरविंदभाऊंनी पेनचं टोपण लावलं.

पण रडणं थांबलं नव्हतं. “वीरा,” झमकूबाई म्हणत होत्या. “वीरा, वीरा.”

“थे नाव नाई,” प्रेमसिंग हळूच म्हणाला. “वीरा म्हनजे भाऊ.”

मग त्या खाली बसल्या, डोळे पुसले आणि साध्या आवाजात बोलल्या. आई दाबयंत्राच्या खड्ड्यात रुई टाकायची, तेव्हा तान्ह्या भावाची झोळी त्या कड्याला टांगलेली असे. झोळीला दोरी बांधलेली. ती दोरी ओढायचं काम झमकूबाईंचं. त्याचं नाव ठेवायचं बाकी होतं. हजेरीत तो नव्हताच, तो कसा असेल? त्या दिवशी तो निजेना. झमकूबाईंना तहान लागली. गाठी बाहेर काढायला दार उघडलं, तेव्हा त्या हौदावर पाणी प्यायला पळाल्या. परत आल्या तर दाराला कुलूप.

“शिपाई म्हने, मॅनेजर येतपर्यंत बस तेथ. मी बसली. आतून थे रडून राह्यलतं. मले ऐकू येत होतं. मी म्हटलं, दोरी कोनाच्या हातात हाये आता?” त्यांनी दाराकडे पाहिलं. “मंग धूर निंगाला.”

अरविंदभाऊ भिंतीपाशी बसले होते तिथून सरकत, गुडघ्यांवर, त्यांच्या समोर आले. त्यांनी टोपी काढली आणि झमकूबाईंच्या पायांशी डोकं टेकलं. झमकूबाईंनी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

“आजी,” मी शेवटी विचारलं, “या कड्याचं काय करू?”

“दिवा नको लावू,” त्या म्हणाल्या. “निजत्या लेकराच्या डोयावर उजेड कायले? दोरी बांध. माह्या हाताशी येईन अशी.”

“तुमच्या आताच्या हाताशी?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि जमिनीपासून हात वर धरून दाखवला: एवढी होते मी. मी मोजपट्टी काढली. हजारो मापं घेतली असतील आयुष्यात. हे मी दोनदा घेतलं; पट्टीचं टोक प्रेमसिंगनं धरलं. तीन फूट चार इंच.

पुन्हा

फाल्गुनात दालन उघडलं तेव्हा मी परत गेले. रानात कापूस नव्हता, नुसती वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी होती, आणि मधून पळस पेटलेला. प्रेमसिंगच्या घरातला कापूस एकदाचा गेला होता. पुढल्या वर्षी कापूसच लावणार का, हे मी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

यवतमाळला संगमरवरी पाटी आधीच कोरून तयार होती: ‘अकरा कामगार’. आकडा आता चुकीचा होता; अरविंदभाऊंनी ती उलटी करून मागच्या बाजूला पुन्हा कोरून घेतली. तिच्यावरचं पहिलं वाक्य त्यांचं आहे: ‘दाराला बाहेरून कुलूप होतं.’ नागपूरचे बंधू आले नाहीत. भिंतीवर अकरा नावं आहेत, सारख्या अक्षरांत, मुकादमाचंही तेवढ्याच. दार आम्ही काढूनच टाकलं आहे, नुसती चौकट ठेवली. आणि तुळईच्या कड्यातून सुताची एक दोरी खाली सोडली आहे, जमिनीपासून तीन फूट चार इंचांवर संपणारी. तिच्याजवळ पाटी लावली नाही. काय लिहायचं तिथे?

भाषणं झाली, नारळ झाला. लोक नावं वाचून बाहेर चहाला गेले. झमकूबाई मात्र आतच राहिल्या. त्या दोरीपाशी जमिनीवर बसल्या, म्हणजे टोक बरोबर त्यांच्या हातात आलं, आणि ओढायला लागल्या. ओढायची, सोडायची. जुनं कडं करकरत होतं. रडत नव्हत्या. वरती, काहीच नव्हतं तिथे, एकटक बघत होत्या.

बराच वेळ झाला तशी अरविंदभाऊ जवळ गेले. तब्येतीमुळे ते आता काठी घेऊन चालत. वाकून म्हणाले, “बाई, थकल्या असाल. चला, चहा घ्या.”

झमकूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“थांबा जी,” त्या कुजबुजल्या. “निजूनच राह्यलं आता.”